म्हातारीचं इंजिन

शिवा, म्हणजे ज्यू घरातलं मयताचं सात दिवसांचं सुतक, उठली. सात दिवस जमिनीवर बसलेली माणसं उठून आपापल्या घरी गेली, आरशावरची चादर निघाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहेम्या चहालाही न थांबता खाली गेला. मलकानं तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून वाकून पाहिलं, तर तिचा धाकटा भाऊ बाबांच्या पिकअपसमोर उभा होता. हातात पाना नाही, फडकं नाही. दोघांपैकी एक आरोपी होता आणि एक न्यायाधीश. कोण कोणता, हे त्या दोघांनाच ठाऊक.

गाडी तशी जुनीच. इंग्रज हा देश सोडून गेले तेव्हा मागे राहिलेल्या लष्करी मालातली. निळ्या रंगाचा टवका उडाला की खालून हिरवा दिसायचा. चार हात फिरून ती शमशोन झिराडकरांकडे, म्हणजे बाबांकडे आली, आणि त्या दिवसापासून बाबा तिला 'म्हातारी' म्हणू लागले. रोज पहाटे दिमोनाहून, वाळवंटातल्या त्यांच्या या गावाहून, पाव, भाजी आणि बर्फाच्या लाद्या भरून ते खाली सदोमला, मृत समुद्राकाठच्या कारखान्याच्या खानावळीत पोचवत. दुपारी रिकामी खोकी आणि पाळी संपलेला एखादा कामगार घेऊन वर येत. उतरताना काही नाही. चढताना मात्र रस्ता असा, की जमिनीच्या पोटातून वर निघाल्यासारखं वाटावं.

"हा देशच उलटा," बाबा म्हणायचे. "समुद्रावरून निघायचं, चढत चढत घाम काढायचा, आणि अर्ध्या वाटेत पाटी लागायची, 'समुद्रसपाटी'! आमच्या रेवदंड्याला समुद्रसपाटी बघायला कुणाला चढावं लागलं नाही."

त्या पाटीचं नाव त्यांनी रेवदंडा ठेवलं होतं. पाटी दिसली की "रेवदंडा आलं!" म्हणून गाडी बाजूला घ्यायची, बॉनेट उघडायचं, सावलीच्या बाजूला बसायचं. म्हातारी तापते, तिला जरा निवू द्यायचं. पुढे पुढे म्हातारी रेवदंड्याच्या आधीही तापू लागली. वसंतात पेसाह सणाच्या सुट्टीत मलका तेल अविवहून घरी आली आणि हौसेनं बाबांबरोबर सदोमला गेली, तेव्हा परतीच्या वाटेवर ते जवळजवळ प्रत्येक वळणावर थांबले होते. बॉनेट वर, बाबा टायरला टेकून खाली, टोपीनं वारा घेत. मलकाच्या पिशवीत नेहमीप्रमाणे पुस्तक होतं. ती वाचत बसली. तिला त्याचा त्रास झाला नाही, उलट बरंच वाटलं. ग्रंथालयाच्या नोकरीत पुस्तकं हाताखालून जातात, वाचायला सवड मिळत नाही.

पण घरी आल्यावर तिनंच नेहेम्याला टोचलं. "एवढा लष्कराच्या वर्कशॉपात शिकलास, बेरशेबाच्या गॅरेजात लोकांच्या गाड्या करतोस, आणि बाप भर उन्हात बॉनेट उघडून बसतो. लाज नाही वाटत?"

"अबा हात लावू देत नाही," नेहेम्या म्हणाला. त्याचं मराठी अर्ध्यावर हिब्रूत उतरायचं. बाबांना तो अबाच म्हणे.

"तू त्यांना विचारतोस कशाला?"

मग त्यानं विचारलं नाही. सुट्टी काढली आणि इमारतीच्या पायथ्याशी, ताडपत्रीच्या आडोशाला, म्हातारीचं सगळं पोट बाहेर काढलं. सिलिंडर बोअर करून आणले. नवे पिस्टन, नव्या रिंगा घातल्या. हेड बेरशेबाला नेऊन यंत्रावर घासून घेतलं, म्हणजे दाब वाढेल आणि चढावर गाडी जोरानं ओढेल. भंगारातल्या एका मोठ्या ट्रकचा जाड रेडिएटर जुळवून बसवला. पाण्याचा पंप बदलला. बाबा पहिले दोन दिवस कुरकुरत होते, "अरे चाललंय ते चालू दे, म्हातारीला कशाला छळतोस." मग इंजिन सुरू झालं, आणि बाबा गप्प झाले. त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला. पोराकडे पाहिलं. आणि जिना चढून वर येईपर्यंत अख्ख्या इमारतीला सांगून आले, की माझ्या पोरानं म्हातारीची पोरगी करून टाकली, आता सदोमपासून घरापर्यंत एका दमात.

हे वसंतातलं. आता भर उन्हाळा होता आणि बाबा नव्हते.

ते रेवदंड्याला सापडले, त्या पाटीखाली. सापडले ते जोसेफला. जोसेफ पेणचा, आपल्यातलाच, कोकणातून इथं आलेला ज्यू. कारखान्याचा ट्रक चालवायचा. शिवेत तिसऱ्या दिवशी तो आला, कोपऱ्यात बसला, आणि कुणी न विचारता बोलू लागला.

"नवं इंजिन झाल्यापासनं शमशोनभाऊ वाटेत थांबतच नव्हते. मला मागं टाकून हॉर्न मारत जायचे. खिडकीतनं हात काढून. त्या दिवशी बघतो तर बॉनेट वर, आणि भाऊ चाकाला टेकून बसलेत, टोपी मांडीवर. मी ट्रक थांबवला. वरनंच ओरडलो, काय भाऊ, पोराचं इंजिन बसलं काय?" जोसेफनं रुमालानं तोंड पुसलं. "थट्टा केली हो मी. बोललो, हसलो, आणि मग खाली उतरून बघितलं."

दवाखान्यातल्या डॉक्टरनं ऊन लागलं म्हणून लिहून दिलं. जोसेफनं साखळी लावून पिकअप ओढत आणली आणि इमारतीखाली लावली. सात दिवस तिला कुणी हात लावला नाही. पण तोंडं बंद राहतात थोडीच. पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलेल्या दोन बायका बोलल्या, आणि मधली भिंत पातळ होती. जुनं होतं तोवर कधी दगा दिला नाही. पोरानं कापाकापी केली. बंद पडली असेल, म्हातारा उन्हात खटपट करत बसला असेल.

मलकानं नेहेम्याकडे पाहिलं होतं. तो भिंतीला पाठ लावून बसला होता आणि त्यानं ऐकलं होतं. त्या दिवसापासून तो काळी कॉफी आणि पाणी यावर होता.

आता तो खाली गाडीसमोर उभा होता, आणि मलकानं ठरवलं की त्याला एकट्याला बॉनेट उघडू द्यायचं नाही.

ती धावतच जिना उतरली. दुसऱ्या मजल्यावर लेआबाईंच्या दाराशी ठेवलेल्या स्टुलावर तिची नडगी आपटली. शिवेला आलेल्या कुणासाठी बाहेर काढलं असेल आणि आत घ्यायचं राहिलं असेल. लेआबाई रुमानियाच्या, एकट्या राहणाऱ्या, कडक. बाबा येताजाता त्यांच्या दाराच्या चौकटीवरच्या मझुझेला, पवित्र लेख ठेवलेल्या डबीला, हात लावून बोटांचं चुंबन घेत. त्यांच्याच नाही, जिन्यातल्या प्रत्येक दाराच्या. आपल्या घराची सोडून परक्यांच्या मझुझा पुजणारा माणूस म्हणून मझल आत्या त्यांची थट्टा करायची. "घरी पोचेस्तोवर ह्याची तीन देवळं होतात," ती म्हणायची. बाबा हसून म्हणायचे, "पुण्य वाटेत पडलेलं असतं, उचलायला काय जातं?"

"मी आले," गाडीपाशी येऊन मलका म्हणाली.

नेहेम्यानं मान वळवली नाही. "गॅस्केट गेली असणार. हेड जास्त घासलं गेलं असेल. मी मोजलं होतं, ताई. दोनदा मोजलं."

"आधी सुरू तर करून बघ."

"होणार नाही."

तो आत बसला, किल्ली फिरवली, स्टार्टर दाबला. आणि इंजिन पहिल्या झटक्याला सुरू झालं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. ज्या इंजिनानं वाटेत प्राण सोडला असं सगळं गाव म्हणत होतं, ते एका लयीत चालत होतं, शिवणयंत्रासारखं. नेहेम्या खाली उतरला, वाकला, कान लावला. त्याच्या चेहऱ्यावर आशा येऊ लागली होती. "चालू दे जरा," तो म्हणाला. "गरम होऊ दे. गरम झाल्यावर कळेल."

दोघं उन्हात उभी राहिली. इंजिन तापलं तसा मलकाला कसलासा ओळखीचा वास आला. शुक्रवारी संध्याकाळी आई केस विंचरून द्यायची, तेव्हाचा. आईला जाऊन किती वर्षं झाली, आणि आता बाबाही नाहीत. माणूस एवढं दमलं की त्याला काहीही वास येत असणार, असं तिनं स्वतःला सांगितलं. काटा मधोमध उभा होता. तापमान वाढत नव्हतं.

नेहेम्यानं इंजिन बंद केलं. तेलाची पट्टी बाहेर ओढली.

पट्टीवर तेल नव्हतं. पांढरं होतं. घट्ट ताकासारखं, साय आल्यासारखं पांढरं, आणि ते पट्टीवरून हळू ओघळत होतं.

मलकाला इंजिनातलं काही कळत नव्हतं, पण भावाचा चेहरा कळत होता. तो पट्टीकडे बघत राहिला, मग फडक्यानं पुसली, पुन्हा आत घातली, पुन्हा काढली. पुन्हा पांढरी. त्यानं फडकं भिरकावलं.

"मायिम," तो म्हणाला. मग मराठीत, जणू तिला समजलंच नसेल, "पाणी. तेलात पाणी गेलंय."

"म्हणजे काय?"

"म्हणजे ते खरं बोलत होते. पाण्यापासून तेल वेगळं ठेवायचं, एवढंच काम असतं गॅस्केटचं. तेवढंच मी नीट केलं नाही." तो चाकाला टेकून खाली बसला. बाबा बसायचे तसाच. "त्याला चढावर कळलं असेल. कळल्यावर उतरला असेल. उन्हात बघत बसला असेल, पोरानं काय करून ठेवलंय ते. ताई, मी मारलं त्याला."

"नेहेम्या, उठ."

"मी मारलं."

"उठ म्हणते ना! बघितल्याशिवाय बोलायचं नाही. उघड ते."

असा आवाज तिनं ग्रंथालयातही कधी वापरला नव्हता. तो उठला. हत्यारांची पेटी आणली. खालची तोटी सोडून रेडिएटरचं पाणी बादलीत काढलं. बादली काठोकाठ भरली, दुसरी लावावी लागली. "काहीच कमी झालेलं नाही," तो पुटपुटला. "जोसेफनं वरून भरलं असेल." एकेक नट सुटत गेला. ऊन चढलं. शेजारच्या खिडक्यांतून माणसं बघू लागली होती आणि बघत नसल्याचं दाखवत होती. शेवटी त्यानं दोन्ही हातांनी हेड उचललं, ताडपत्रीवर उलटं ठेवलं आणि गॅस्केट सोडवली.

तांब्याचा पत्रा शाबूत होता. कुठं जळलेला नाही, फाटलेला नाही. वसंतात लावला तसा, फक्त जरा काळवंडलेला. नेहेम्यानं हेडवर लोखंडी पट्टी आडवी उभी लावून पाहिली. उजेडाची फट कुठंच नाही. रॉकेल फासून, पुसून, खडू घासून भेग शोधली. भेग नाही. त्याच्या तोंडचा उरलासुरला रंगही गेला.

"मग इंजिनाचा ब्लॉकच फुटलाय," तो म्हणाला. "आतून. बोअर करताना पातळ झाला असेल. ते तर दिसणारही नाही."

मलकानं आवराआवर सुरू केली. मघाशी भिरकावलेलं फडकं उचललं. ते हातात घेतलं आणि ती थबकली. तोच वास. भास नव्हता. तिनं फडकं नाकाशी नेलं.

"नेहेम्या, ह्याचा वास घे."

"मला पेट्रोलशिवाय कसलाच येत नाही."

"घे म्हणते ना."

त्यानं घेतला. भुवया जवळ आल्या. "हे... आत्याच्या डब्यातलं?"

खोबरेल. मुंबईहून कुणी येणार असलं की मझल आत्या दुसरं काही मागवायची नाही, एक खोबरेलाचा डबा. थोडं केसांना, बाकी सगळं दिव्यांना. आपल्या दिव्याची रीत तीच: काचेच्या पेल्यात खाली पाणी, वर बोटभर तेल, तेलात तरंगती वात. बाबांच्या नावाचा दिवा सात दिवस तसाच जळला होता.

दोघांनी एकदमच वर पाहिलं. आत्या गॅलरीत वाळत घातलेलं लुगडं झटकत होती.

"आत्या!" मलका ओरडली. "दिव्यातलं उरलेलं काय केलंस?"

"कसलं गो?"

"बाबांच्या दिव्यातलं! तेल!"

"घातलं की!"

"कुठं?"

आत्यानं लुगडं धरलेल्या हातानं खाली बोट दाखवलं. पिकअपकडे. भर दुपारी, सगळ्या खिडक्या ऐकत असताना.

ती जिना उतरून खाली येईपर्यंत दोघं दगडासारखी उभी होती. आत्या आली ती कपाळाला आठ्या घालून. बाबांची थोरली बहीण. बाबाही तिला टरकून असायचे.

"असे काय बघताय? पेल्यातलं रोज बरणीत ओतत होते. शिवा उठली, माणसं गेली, तशी येऊन घातलं. शमशोन जिथनं तेल घालायचा, ते टोपण मला काय ठाऊक नाही? दहादा बघितलंय."

"पण का, आत्या?"

"का म्हणजे? आपण तेली, गो. शनिवार सोडून रोज घाणा फिरायचा आपला. मयताच्या दिव्याचं उरलेलं तेल सांडायचं नाही, तोंडात घालायचं नाही, दुसऱ्या दिव्यात तर नाहीच नाही. घाण्याचं तेल घाण्याला. माझा आजा गेला तेव्हा बापानं घाण्यात ओतलेलं मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. आता इथं घाणा कुठनं आणू? जे गरगर फिरतं, तेल पितं आणि घराला खायला घालतं, तोच घाणा. शमशोनचा तर हाच होता." ती थांबली. उघडं पडलेलं इंजिन, ताडपत्रीवरचं हेड, नेहेम्याचा चेहरा, सगळं तिच्या आत्ता ध्यानात आलं. "का रे? चुकलं काय माझं?"

"त्यात पाणी होतं, आत्या," नेहेम्या म्हणाला. "तेलाखाली पाणी होतं."

"दिव्यात पाणी असतंच की."

नेहेम्याच्या घशातून एक आवाज निघाला. मलका आधी घाबरली, मग तिला कळलं की तो हसतोय, आणि मग कळलं की नुसतं हसत नाही. आत्यानं त्याचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं. त्याच्या हातांचं काळं तिच्या पाठभर उमटलं. "गप रे, गप. बापासारखाच रडतोस. तो असाच हसून रडायचा."

दुपार कलेपर्यंत सगळं बदललं होतं. नेहेम्यानं पांढरं झालेलं तेल डब्यात काढलं, रॉकेलनं आतून धुतलं, धुतलेलं पुन्हा काढलं. तांब्याची गॅस्केट पुसून परत बसवली. मधून बाहेर, मधून बाहेर असे नट आवळत गेला. आत्यानं पावात आमलेट घालून आणलं, आणि त्यानं काळ्या हातांनीच, उभ्याउभ्या खाल्लं. दुसरं मागितलं. मलका सावलीत बसून त्याला खाताना बघत होती. बापाच्या मरणाच्या नवव्या-दहाव्या दिवशी माणसाला इतकं हायसं वाटावं, याची तिला लाज वाटली, पण वाटत होतं खरं.

"तुला गंमत सांगू, ताई?" तो तोंडात घास ठेवून म्हणाला. "वसंतात मी जुनं हेड काढलं ना, मला वाटलं होतं वाकलेलं असणार. एवढं तापायचं म्हणजे वाकलेलंच हवं. पट्टी लावली तर सरळ. आरशासारखं. रेडिएटरमध्ये गाळ असेल म्हटलं, तर पाणी धो धो जात होतं. पंपही ठीक. जुनं होतं सगळं, पण तापण्यासारखं काहीच नव्हतं."

"मग तापायची कशानं?"

"कुणास ठाऊक. मी अबाला विचारलं. तो म्हणाला, तू कर तुझं काम." नेहेम्या हसला. "तेल घालायचं राहिलंय. नवा डबा वर गॅलरीत आहे. आणतेस?"

मलका जिना चढू लागली. तापण्यासारखं काहीच नव्हतं. पहिला मजला आला. प्रत्येक वळणावर बाबा बॉनेट उघडायचे ते तिच्या डोळ्यांसमोर होतं. आता तिला आठवलं ते वेगळंच: बॉनेट उघडून त्यांनी इंजिनाकडे एकदाही पाहिलं नव्हतं. झाकण वर करायचं, आणि लगेच चाकाला टेकून बसायचं. ती पुस्तक वाचत होती. पानावरून नजर उचलली तेव्हा ते टोपीनं वारा घेत होते, आणि ती पुन्हा पानात गेली होती.

दुसऱ्या मजल्यावर लेआबाई दार उघडून उभ्या होत्या. एका हातात स्टूल, पण अजून उचललेलं नाही, नुसतं धरलेलं.

"मलका," त्या हिब्रूत म्हणाल्या, नेहमीपेक्षा हळू. "हे आता आत घेऊ का? शिवा होती म्हणून घेतलं नव्हतं. बरं दिसलं नसतं."

"तुमचं स्टूल तुम्ही घ्या ना. मला का विचारता?"

"तुझ्या वडिलांचं होतं ते. म्हणजे माझंच. पण ठेवलेलं त्यांच्यासाठी, गेल्या हिवाळ्यापासून." त्यांनी चौकटीकडे, मझुझेकडे पाहिलं. "मला आधी वाटायचं, काय भाविक माणूस आहे. हात लावायचे ते काढायचेच नाहीत. कपाळ भिंतीला. मी दाराआडून ऐकायची. म्हटलं प्रार्थना म्हणतायत. प्रार्थना नव्हती, श्वास होता. एक दिवस दार उघडलं तर ओठ निळे. मग स्टूल ठेवलं. बसायचे, पाणी प्यायचे, वर जायचे. म्हटलं डॉक्टरकडे जा. म्हणाले, बाई, माझं नाव शमशोन आहे, धर्मग्रंथातल्या पहिलवानाचं. शमशोन कुठं डॉक्टरकडे जातो?"

"आम्हाला का नाही सांगितलंत?"

"त्यांनी शपथ घातली होती." लेआबाईंचा कडक चेहरा एकदम म्हातारा दिसला. "म्हणाले, मुलांना कळलं तर गाडी काढून घेतील."

मलका स्टुलावर बसली. बसायचं असं ठरवलं नव्हतं.

म्हातारी कधी तापलीच नव्हती. थांबायचं होतं ते बाबांना, आणि गाडीतल्या किंवा वाटेतल्या कुणालाही, कामगाराला, जोसेफला, लेकीला, कळू न देता थांबायचं तर इंजिनाला नावं ठेवण्यासारखं सोपं काही नव्हतं. जुन्या गाडीच्या जिवावर ते चढ चढत होते. मग मलकानं भावाला टोचलं, भावानं सगळी विद्या पणाला लावली, आणि दोघांनी मिळून ते इंजिन इतकं चांगलं केलं, की बाबांना थांबायला कारणच उरलं नाही. थांबले तर पोराच्या कामाला बट्टा. म्हणून ते थांबले नाहीत. वसंतापासून रोज सदोमपासून एका दमात, हॉर्न वाजवत, खिडकीतून हात काढून. एकदाच थांबले. तेव्हाही चावी बंद करून आधी बॉनेट वर केलं, कुणी येऊन पाहिलंच तर.

खालून नेहेम्याची हाक आली. "ताई! डबा मिळाला का?"

आवाज मोकळा होता. बाबा गेल्यापासून प्रथमच.

"पाणी देऊ?" लेआबाईंनी विचारलं.

मलकानं नको म्हटलं. मग उठली, आणि न ठरवता तिचा हात चौकटीकडे गेला. मझुझेखालचा रंग तेवढ्याच जागी, हाताच्या पंज्याएवढ्या जागी, घासून गुळगुळीत झाला होता. तिनं तिथं हात ठेवला. "स्टूल राहू द्या," ती म्हणाली. "आत्याही म्हातारी झालीय."

डबा घेऊन ती खाली आली. नेहेम्यानं तेल ओतलं, पट्टी पाहिली, रेडिएटर भरला, स्टार्टर दाबला. इंजिन सुरू झालं. खिडक्यांतली माणसं आता उघडपणे बघत होती, आणि तो त्यांच्यासाठी मुद्दाम जरा जास्त वेळ पेट्रोल देत होता. मग त्यानं पाय काढला, गाडी शांतपणे चालू राहिली, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळलं. मलकानं ते पाहिलं. प्रश्न येणार हे तिला कळलं.

"ताई. इंजिन ठीक होतं. पाणी ठीक होतं. सगळं ठीक होतं." तो तिच्याकडे बघत होता. डोळे बाबांचे. "मग तो थांबला कशाला?"

आत्या पायरीवर बसून दोघांकडे बघत होती. इंजिन चालत होतं, एका लयीत, कुठंही न अडखळता. इतका निर्दोष आवाज ऐकणं मलकाला असह्य होत होतं.

"रेवदंडा आलं होतं," ती म्हणाली. "तिथं ते थांबायचेच. गाडी कशीही असो."

नेहेम्यानं थोडा विचार केला. मग मान डोलावली. "हो. थांबायचा खरं."

"तूही थांबत जा," मलका म्हणाली.

"थांबेन," तो म्हणाला, आणि बॉनेट लावण्यासाठी वाकला.